भीमेचा झिंगा आणि चिनी कढई

इंदापूर तालुक्यांतील एखाद्या घरीं आज लोखंडी कढई मोठ्या आंचेवर तापते, तींत लसूण आणि आलें पडतें, त्यामागून सोललेले झिंगे पडतात, आणि चारपांच मिनिटांत ताट वाढावयास तयार होतें. घरांतील मुलें या पदार्थाला ‘चायनीज’ म्हणून मोकळीं होतात. बारामतीच्या बाजारपेठेंत त्यासाठीं लागणारी सोयाबीनची काळी चटणी, ढबू मिरची आणि मक्याचें पांढरें पीठ कोणत्याहि किराणा-भाजीच्या दुकानांत मिळतें. पदार्थ इतका अंगवळणीं पडला आहे कीं, त्याचें नवल कोणास वाटत नाहीं. परंतु थोडें थांबून पाहिलें, तर दोन प्रश्न उभे राहतात. पावसासाठीं आकाशाकडे डोळे लावून बसणाऱ्या या मुलखांत झिंगा आला कोठून? आणि चीन देशाची रांधण्याची रीत कऱ्हा-नीरा-भीमेच्या कांठीं पोंचली कशी?

पहिल्या प्रश्नाचें उत्तर पाण्यांत आहे. सह्याद्रीनें पावसाचा मोठा वांटा आपल्याकडेच ठेवून घ्यावा आणि उरलेला पूर्वेकडे सोडावा, असा या भागाचा सृष्टिक्रम. बारामती-इंदापुरांत वर्षाकांठीं सरासरीनें सुमारें 20 इंच, म्हणजे 500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तोहि नेमाचा नव्हे. इतिहासानें या दोन्ही गांवांना मान दिला, पाणी दिलें नाहीं. इंदापूरला मालोजीराजे भोसल्यांची गढी आहे. बारामतीस बाबूजी नाईकांच्या आश्रयानें मोरोपंतांनीं (1729–1794) आपली आर्या घडविली. परंतु शेतकऱ्याच्या ताटांत मात्र ज्वारी-बाजरीची भाकरी आणि कालवण हेंच नित्याचें. समुद्राची कोळंबी येथें पोंचे ती वाळून, सुकटीच्या रूपानें, आठवड्याच्या बाजारांतून. भीमेच्या डोहांत भोई मंडळी जाळें टाकीत, आणि त्यांत लहान झिंगेहि सांपडत. पण नदीच उन्हाळ्यांत आटावयाची, तेव्हां त्या झिंग्यांचा भरवसा तो किती!

1876 ते 1878 या सालांतील भयंकर दुष्काळानें सरकारचे डोळे उघडले. दुष्काळी कामें निघालीं, आणि 1885 च्या सुमारास नीरा डावा कालवा वाहूं लागला. भाटघर येथें अडविलेलें पाणी या कालव्यानें पुरंदर, बारामती आणि इंदापूर या तालुक्यांत आलें. पुढें 1920 च्या दशकांत भाटघरला लॉईड धरण उभें राहिलें, आणि पाण्याचा पुरवठा वाढला. कोरडवाहू रानांत ऊंस उभा राहिला. गुऱ्हाळें आलीं, आणि त्यामागून 1930 च्या दशकांत इंदापूर तालुक्यांत वालचंदनगरचा साखर कारखाना आला. परंतु पाणी आपल्याबरोबर कांहीं दुःखेंहि घेऊन आलें. निचरा न होणाऱ्या जमिनींत क्षार वर चढला, आणि चांगलीं शेतें खारावलीं. शेतकीतज्ज्ञ डॉ. हॅरोल्ड मॅन आणि त्यांचे एक सहकारी यांनीं 1910 सालींच नीरा खोऱ्यांतील या खारट जमिनींचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. पाण्याची देणगी कधींहि फुकट नसते, हा या मुलखाचा पहिला धडा होय.

दुसरा धडा त्याहून कठोर ठरला. 1966 सालीं भीमेवर, माढा तालुक्यांतील उजनी गांवाजवळ, मोठ्या धरणाचा पाया घातला गेला. 1980 सालीं तें पुरें झालें. त्याच्या जलाशयाला यशवंतसागर असें नांव आहे, आणि त्याची साठवणशक्ति सुमारें 117 अब्ज घनफूट आहे. सोलापूर जिल्ह्याच्या शेतांना त्यानें जीवन दिलें. परंतु या पाण्याची शेंपटी भीमेच्या उगमाकडे लांबवर पसरली, आणि पुणें, सोलापूर व अहिल्यानगर या तिन्ही जिल्ह्यांतील नदीकांठचीं गांवें तिच्याखालीं गेलीं. इंदापूर तालुक्याच्या वांट्याला त्यांतील मोठा भाग आला. काळी कसदार मळई, वडिलोपार्जित वाडे, देवळें आणि पाणवठे सोडून माणसें वरच्या माळावर गेलीं. पळसदेवचें प्राचीन देऊळ आजहि वर्षाचा बहुतेक काळ पाण्यांत उभें असतें. ज्या उन्हाळ्यांत जलाशय फार आटतो, त्या उन्हाळ्यांत तें पुन्हां वर येतें, आणि जुन्या गांवचीं माणसें त्याचें दर्शन घेण्यास जातात. दुष्काळानें ज्यांचें गांव क्षणभर परत मिळतें, त्यांच्या मनांत आनंद अधिक कीं दुःख, हें कोणीं सांगावें?

याच पाण्यांत मासेमारीचा नवा धंदा उभा राहिला. भिगवण हें रस्त्यावरचें गांव माशांच्या बाजारासाठीं प्रसिद्धीस आलें. कटला, रोहू, चिलापी यांच्या पाट्यांशेजारीं झिंग्याचीहि पाटी दिसूं लागली. जुने भोई तर या धंद्यांत होतेच. पण ज्याची शेती बुडाली त्यानेंहि नांगराऐवजीं जाळें हातीं धरलें. हिंवाळ्यांत याच उथळ कांठावर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, तेहि पाण्यांतील बारीक जिवांच्या ओढीनें. अर्थात् इंदापूरच्या कढईंतला झिंगा हा नुसता नदीचा जीव नव्हे. बुडालेल्या शेतांवर वाढलेलें तें दुसरें पीक आहे.

झिंगा आणि कोळंबी हीं दिसावयास सारखीं असलीं, तरी त्यांचा स्वभाव एक नाहीं. गोड्या पाण्यांतील झिंग्याचें मांस नरम आणि गोडसर असतें, पण डोकें तसेंच ठेवल्यास त्यांतील पाचकरसानें तें लवकर भुसभुशीत होतें. मोठ्या जातीचा झिंगा तळ्यांत वाढविण्याच्या विद्येचा पायाहि एका चिनी शास्त्रज्ञानें घातला आहे. शाओ-वेन लिंग यांनीं 1961 सालीं मलायांतील पिनांग येथें असें दाखवून दिलें कीं, गोड्या पाण्यांत नांदणाऱ्या या झिंग्याच्या पिलांना जगण्यासाठीं प्रथम मचूळ, निमखारें पाणी लागतें. त्या शोधानंतरच झिंग्याची शेती शक्य झाली.

आतां कढईकडे वळावें. चीन आणि भारत यांच्या स्वयंपाकघरांची ओळख जुनी आहे, आणि ती प्रथम झिंग्यानें नव्हे, साखरेनें झाली. ह्युएनत्संग महाराष्ट्रांत येऊन गेला तो दुसऱ्या पुलकेशीच्या काळीं, 641 च्या सुमारास; 645 सालीं तो स्वदेशीं परतला. त्यानंतर दोनच वर्षांनीं, 647 सालीं, तांग सम्राट ताइ-त्सुंग यानें ऊंसापासून साखर करण्याची विद्या शिकण्यासाठीं मगधास माणसें पाठविलीं. पुढें चिनी कारागिरांनीं ही विद्या इतकी वाढविली कीं, उत्तर हिंदुस्थानांत पांढऱ्या साखरेला ‘चीनी’ हेंच नांव पडलें. मराठीनें मात्र संस्कृत शर्करेचा धागा सोडला नाहीं. शिष्याचें नांव गुरुघरच्या वस्तूला मिळाल्याचें हें एक मौजेचें उदाहरण आहे.

पुढील घटना त्याहून चमत्कारिक आहे. अर्वाचीन काळांत हिंदुस्थानांत स्थायिक झालेला पहिला ज्ञात चिनी गृहस्थ आला, तोहि साखर करण्यासाठींच. 1780 च्या सुमारास तोंग आच्यू नांवाच्या या माणसाला वॉरन हेस्टिंग्जनें कलकत्त्याच्या खालच्या अंगाला हुगळीकांठीं जमीन दिली. त्यानें तेथें ऊंस लावला, आणि साखरेचा कारखाना काढला. त्या गांवाला आजहि आचिपूर म्हणतात. पुढें कलकत्त्यांत चिनी वस्ती वाढली. सुतारकाम, चामडें आणि खाणावळी हे तिचे धंदे झाले.

महाराष्ट्रांतहि चिनी हात मातींत राबून गेले आहेत, हें फारसें कोणास ठाऊक नसतें. एकोणिसाव्या शतकांत सिंगापूर-पिनांगकडून शिक्षा झालेले चिनी आणि मलायी बंदी महाबळेश्वरच्या तुरुंगांत ठेवीत. सुमारें 30 वर्षें, 1864 पर्यंत, हा तुरुंग चालला. या बंद्यांनीं तेथें बटाटे आणि विलायती भाजीपाला लावून दाखविला, आणि वेताच्या टोपल्या विणण्याचें काम वाढविलें. पुण्यामुंबईच्या ताटांत जो डोंगरी भाजीपाला आला, त्यांत या अनामिकांचा वांटा आहे.

मुंबईंत माझगांवच्या बाजूला चिनी खलाशांची आणि कारागिरांची लहानशी वस्ती होती. 1919 सालचें त्यांचें देऊळ तेथें उभें आहे. 1962 च्या युद्धानें या समाजावर आकाश कोसळलें. चिनी वंशाच्या सुमारें 3 हजार माणसांना राजस्थानांतील देवळी येथील छावणींत नेऊन ठेवण्यांत आलें. त्यांत बहुसंख्य ईशान्य भारत आणि बंगालमधील होतीं, आणि कित्येकांचा जन्म याच देशांत झालेला होता. कांहींना तर तेथें वर्षेंच्या वर्षें काढावीं लागलीं. सुटून आल्यावर घर-दुकान परक्याच्या हातीं गेलेलें पाहून पुष्कळांनीं देश सोडला. जे राहिले, त्यांतील अनेकांना खाणावळीनें हात दिला. कलकत्त्यास जन्मलेले नेल्सन वांग यांनीं 1975 सालीं मुंबईच्या क्रिकेट क्लबांत लसूण, आलें आणि हिरवी मिरची यांना गरम मसाल्याऐवजीं सोयाची जोड देऊन ‘चिकन मांचुरियन’ घडविलें, असें सांगतात. मांचुरियांत हा पदार्थ कोणास ठाऊक नव्हता. परंतु आपल्याकडे त्यानें मुलूख जिंकला. पुढील दोन दशकांत मुंबईची ही चव तालुक्यांच्या गांवीं हातगाडीवर बसून आली, आणि हातगाडीवरून घरांत शिरली.

घरांत आल्यावर तिचें खरें मर्म शोधणें इष्ट आहे. कारण हातगाडीवरचा लाल रंग म्हणजे चिनी रीत नव्हे. मोठ्या आंचेवर थोड्या तेलांत परतून काढण्याची पद्धति चीनमध्यें सोंग काळांत (960–1279) दिसूं लागली, आणि मिंग काळांत ती घरोघर रुळली. तिच्यामागें काटकसर होती. सरपण महाग, म्हणून जिन्नस बारीक चिरावयाचा, आणि आंच थोडाच वेळ पण प्रखर ठेवावयाची. आपल्या कालवणांत वेळ चुलीवर जातो. चिनी रीतींत तो विळी-पाटावर जातो. सरपणासाठीं मैलोगणती हिंडणाऱ्या आपल्या आयाबायांना हा हिशेब सांगावा लागला नसता.

पाव किलो झिंगे सोलून त्यांच्या पाठीवरची काळी शीर काढावी, आणि धुतल्यावर ते फडक्यानें अगदीं कोरडे पुसावे. ओला झिंगा तेलांत परतला न जातां शिजूं लागतो, आणि सारा बेत फसतो. चिमूटभर मीठ, अंड्याचा थोडा पांढरा बलक आणि चमचाभर मक्याचें पीठ लावून ते पाऊण तास मुरूं द्यावे; या पातळ लेपामुळें नरम मांसाला आंच थेट लागत नाहीं. लोखंडी कढई धूर निघेपर्यंत तापवून मग तेल घालावें. घरच्या शेगडीची आंच खाणावळीच्या भट्टीइतकी नसते, म्हणून झिंगे दोन घाण्यांत परतावे. करडा झिंगा गुलाबी होऊन वळला कीं तो काढून घ्यावा. त्याला दीड-दोन मिनिटें पुरतात. हा गुलाबी रंग मूळचाच असतो. प्रथिनांत अडकून पडलेला तो रंग उष्णतेनें मोकळा होतो, इतकेंच. त्याच कढईंत लसूण, आलें, कांद्याची पात आणि ढबू मिरची क्षणभर परतून झिंगे पुन्हां घालावे. वर एक चमचा सोयाची चटणी, अर्धा चमचा साखर, आणि पाण्यांत कालविलेलें थोडें मक्याचें पीठ घालून चकाकी येतांच उतरवावें.

त्या अर्ध्या चमच्यावर येऊन ही गोष्ट पूर्ण होते. मिरची आणि मका हीं दोन्ही अमेरिकेहून आलेलीं, सोया चीनची, साखर मगधाहून चीनला गेलेल्या विद्येची, आणि ऊंस नीरेच्या कालव्यावरचा. झिंगा मात्र भीमेचा. नीरा आणि भीमा यांचा संगम इंदापूर तालुक्याच्याच टोकाला, नीरा-नरसिंहपूर येथें होतो. कालव्याचा ऊंस आणि धरणाचा झिंगा यांचा संगम या कढईंत होतो.

जेवणारानें प्रत्येक घांसाला इतिहास आठवावा, असा आग्रह कोणी धरणार नाहीं. परंतु या पदार्थाला ‘परक्यांचें खाणें’ म्हणून नाक मुरडणाऱ्यानें देवळीच्या छावणीची, आणि ‘आपल्या धरणाचें खाणें’ म्हणून मिरविणाऱ्यानें पळसदेवच्या देवळाची एकदां आठवण करावी. ताट वाढणाऱ्या गृहिणीमागें दोन प्रकारचीं विस्थापित माणसें उभीं आहेत. त्यांतील एकांनीं रीत दिली, आणि दुसऱ्यांनीं पाणी.