जी. टी. रोडचा आवाज

अंबाल्याला पोस्टिंग असताना रात्रीच्या गार्ड ड्यूटीत मी ट्रक कानाने ओळखायला शिकलो. डांबरावर गाडी घुमत येते, पुलावर चढली की जोडांवर धडधड करते. रिकामा ट्रक भरलेल्यापेक्षा जास्त वाजतो.

हा रस्ता फार जुना. सोळाव्या शतकात शेरशाह सुरीने तो नीट करून कडेला सराया बांधल्या. तेव्हा तो मातीचा, धूळ भरपूर, आवाज कमी. 1830 च्या दशकात इंग्रजांनी कलकत्त्याच्या बाजूने त्यावर कंकर घालायला घेतला. कंकर म्हणजे इकडच्या मैदानात जमिनीखाली मिळणारे चुनखडीचे खडे. ते पसरून, पाणी मारून, धुमसाने ठोकले की पक्का थर होतो. अंबाला छावणी वसली 1843 साली. कंकर इथवर आल्यावर इथल्या पलटणींनी बैलगाड्यांच्या लोखंडी धावांचा त्यावरचा खडखडाट ऐकला असणार.

1888 मध्ये डनलॉपने हवेचा टायर आणला, पुढे डांबर आले. खडखडाट गेला, पण वेग आला. गाडी हळू असते तेव्हा इंजिन वाजते. वेग साधारण चाळीस-पन्नासच्या पुढे गेला की टायरचा आवाज इंजिनावर मात करतो. टायरच्या नक्षीचे ठोकळे रस्त्यावर आपटतात, खाचांतली हवा दाबली जाऊन सुटते. काँक्रीटवर आडव्या रेघा असतील तर चाक शीळ घालते. सच्छिद्र डांबर आवाज शोषते, पण धुळीने त्याची छिद्रे बुजतात.

छावणीबाहेर एक निवृत्त सुभेदारसाहेब राहत. रस्ता रुंद झाला तेव्हा तो त्यांच्या खिडकीपासून दहा पावलांवर आला. पुढे खड्डे पडले, आदळआपट सुरू झाली. त्यांनी अर्ज केले. खड्डे बुजले, रस्ता गुळगुळीत झाला, आणि गाड्या दुप्पट वेगाने पळू लागल्या.

मला म्हणाले, "बेटा, तोफखान्यात तीस वर्षं काढली, पण झोप उडवली ती या रस्त्याने."

सन 2000 च्या नियमांप्रमाणे निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल. ती कागदावर आहे. सुभेदारसाहेबांनी आपली खाट मागच्या गोठ्यात हलवली. तिथे म्हैस रवंथ करते, तेवढाच आवाज.