भुसा जातो कुठे?

अब्बा सुतार होते. कोकणातल्या आमच्या गावात कितीतरी घरांची दारं-खिडक्या, पाळणे, पलंग त्यांच्या हातचे. मी बी. ए. झालो, कवितेच्या नादी लागलो आणि रंधा हातात धरायचा राहून गेला. त्यांनी केलेलं एक सागवानी मेज तेवढं माझ्याकडे आहे. दोनेक वर्षांपूर्वी ते स्वतःच घासून साफ करावं असं मनात आलं. दुकानात जाऊन विजेवर चालणारं घासायचं यंत्र, म्हणजे सँडर, मागितला. ‘सगळ्यात जोरदार असेल तो द्या,’ म्हणालो. दुकानदारानं पट्ट्याचा सँडर दिला. घरी येऊन तो मेजावर टेकवला आणि मग बटण दाबलं. यंत्र पुढे धावलं, मी मागे ओढलं. क्षणात मेजावर तीन बोटं रुंद खळगा पडला आणि खोलीभर पिवळसर भुशाचं धुकं पसरलं. त्या रात्री मी खोकत होतो आणि त्या खोकल्यात मला अब्बांचा खोकला ऐकू आला. ते बिडीला कधी शिवले नाहीत, तरी रात्र-रात्र खोकत. ‘दर्याची हवा बाधते त्यांना,’ असं अम्मी म्हणायची.

तेव्हापासून मी या घासण्याचा इतिहास वाचू लागलो. लाकूड गुळगुळीत करण्याची माणसाची खटपट फार जुनी आहे. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी सांगतो, की शार्क जातीच्या एका माशाच्या खरखरीत कातडीनं लाकूड आणि हस्तिदंत घासतात. बाजारातल्या मुशीच्या पाठीवरून ज्यानं उलटा हात फिरवला असेल, त्याला हे लगेच पटेल. पुढे कुटलेली काच सरसानं कागदावर चिकटवू लागले. लंडनच्या जॉन ओकी यानं 1833 साली असा काचकागद मोठ्या प्रमाणावर बनवायला सुरुवात केली. दुसऱ्याच वर्षी अमेरिकेत आयझॅक फिशर यानं असा कागद बनवण्याच्या कृतीची पेटंटं घेतली. 1891 साली एडवर्ड अचेसन या अमेरिकी संशोधकानं विजेच्या भट्टीत चिकणमाती आणि कोळसा तापवला. त्यातून काचेहून कितीतरी कठीण असे चकचकीत स्फटिक निघाले. तेच कार्बोरंडम.

कागदाला धार आली, पण हात माणसाचाच होता. 1926 साली अमेरिकेतल्या पोर्टर-केबल कंपनीत आर्ट इमन्स यानं हातात धरून चालवायचा पट्ट्याचा सँडर बनवला. 1951 साली जर्मनीतल्या फेस्टो कंपनीनं थरथरत्या चौकोनी तळाचा सँडर आणला. दिवसाचं काम तासावर आलं.

मित्रहो, या वेगाबरोबर एक गोष्ट बदलली. रंध्यानं निघते ती ढलपी. ती पायाशी पडते, मुलं खेळायला नेतात. सँडरचा भुसा पिठाहून बारीक. तो हवेत तरंगतो आणि काम करणाराच तो श्वासाबरोबर आत घेतो.

हा धोका लोकांना अगदीच कळला नव्हता असं नाही. 1921 साली अमेरिकेतल्या थ्री-एम कंपनीनं पाण्यात न विरघळणारा कागद काढला. मोटारींचा रंग ओला ठेवून घासता येऊ लागला आणि तिथली धूळ खाली बसली. लाकडाला मात्र हा उपाय लागू पडेना, कारण पाणी लागलं की त्याचे तंतू फुलून उभे राहतात. सुताराची धूळ उडतच राहिली.

इंग्लंडमधलं हाय विकम हे खुर्च्या बनवणाऱ्यांचं गाव. तिथल्या इस्पितळात एस्मी हॅडफील्ड या नाक-कान-घशाच्या डॉक्टर होत्या. नाकाच्या आतल्या एका अतिशय दुर्मिळ कर्करोगाचे रुग्ण त्यांच्याकडे वारंवार येत आणि त्यांतले बहुतेक फर्निचरच्या कारखान्यांतले असत. हॅडफील्डबाईंनी ‘तुम्ही काम काय करता?’ हा साधा प्रश्न मनावर घेतला. 1968 साली त्यांचा आणि सहकाऱ्यांचा अभ्यास ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला. त्या लेखकांत पहिलं नाव होतं डॉ. डोनाल्ड अचेसन यांचं. एका अचेसननं कागदाला धार दिली, दुसऱ्यानं भुशानं झालेल्या रोगाची मोजदाद केली. निव्वळ आडनावाचा योगायोग, पण माझ्या मनातून तो जात नाही. 1995 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं लाकडाचा भुसा माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातला.

अब्बांचा खोकला कशाचा होता, हे आता सांगता येणार नाही. त्यांना कुणी तो साधा प्रश्न विचारला नाही. मीही नाही.

म्हणून सँडर घेताना मी आता जोर विचारत नाही. पट्ट्याचा सँडर दारं आणि जाड फळ्यांसाठी. तो आधी सुरू करावा, मग लाकडाला लावावा आणि एका जागी थांबू देऊ नये. घरच्या मेजा-कपाटाला गोल चकतीचा बरा. त्याची चकती स्वतःभोवती फिरते आणि तिचं केंद्रही बारीकसं वर्तुळ काढत राहतं. त्यामुळे दाणे पुन्हा त्याच वाटेनं जात नाहीत आणि ओरखडे कमी उमटतात. त्याला दाबू नये, यंत्राचं वजन पुरतं. कागद आधी 80 नंबरचा, मग 120, शेवटी 220. नंबर जितका मोठा तितका दाणा बारीक. मधली पायरी गाळली, तर पॉलिश केल्यावर जुने ओरखडे हटकून वर येतात. चकतीला भोकं असावीत, कागदाची भोकं त्यांच्याशी जुळवावीत आणि मागच्या नळीला भुसा ओढून घेणारं व्हॅक्यूम जोडावं. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक भुसा अडवत नाही. करोनाच्या काळात ओळखीचा झालेला एन-95 मास्क वापरावा. शेवटचा हात मात्र कागद घेऊन, लाकडाच्या रेषेच्या दिशेनं.

अब्बांचं मेज मी असंच पूर्ण केलं. खळगा काढायचा तर सगळी फळी पातळ करावी लागली असती. तो तसाच ठेवला आहे, लिहिताना मनगट बरोबर तिथे टेकतं. परवा आमच्या शेजारी एक तरुण सुतार बंद खोलीत कपाट घासत होता. भुवया पांढऱ्या झाल्या होत्या, तोंडाला रुमाल होता. मी माझं व्हॅक्यूम नेऊन दिलं. तो म्हणाला, ‘चाचा, मालकानं भुशाचं काही विचारलंच नाही.’

तुमच्या घरी सुतार येईल तेव्हा लाकूड कोणतं, पॉलिश कोणतं, हे तुम्ही विचारालच. भुसा कुठे जाणार, तेही विचारा. त्या नळीचे चार पैसे जास्त पडतील, ते आपण द्यायचे आहेत.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)