युवक संघटनेतील वयाची शिडी

युवक संघटनांविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते त्यात दोन गोष्टी हमखास सापडतात, संघटनेची ध्येयधोरणे आणि संस्थापकांची चरित्रे. ती संघटना रोज संध्याकाळी प्रत्यक्ष चालवतो कोण, तो किती वर्षांचा असतो, त्याला ते काम कोणी शिकवले आणि तो सोडून गेल्यावर त्याच्या जागी कोण येतो, हे प्रश्न मात्र बाजूला राहतात. प्रस्तुत विवेचन याच प्रश्नांचे आहे. उदाहरणासाठी प्रामुख्याने राष्ट्र सेवा दल घेतले आहे. ८० वर्षांहून अधिक काळ टिकलेली, महाराष्ट्राच्या वाड्यावस्त्यांपर्यंत गेलेली आणि आपली माणसे आपल्यातूनच घडवण्याचा आग्रह धरणारी ही संघटना असल्यामुळे तिच्यात या प्रश्नांची उत्तरे स्पष्ट दिसतात.

आधी युवक संघटनेचे वेगळेपण पाहू. कामगार संघटनेचा सभासद २० वर्षांनीही कामगार असतो, सहकारी संस्थेचा शेतकरी सभासद शेतकरीच राहतो. युवक संघटनेचा सभासद मात्र काहीही न करता, केवळ वाढल्यामुळे, संघटनेबाहेर जातो. चौदाचा मुलगा चार वर्षांत अठराचा होतो, बाविसाव्या वर्षी नोकरी शोधतो, अठ्ठाविसाव्या वर्षी संसारात असतो. त्यामुळे अशा संघटनेला सभासद मिळवण्याइतकेच, किंबहुना अधिक, कष्ट मधल्या वयाची माणसे टिकवण्यासाठी करावे लागतात. माझे प्रतिपादन असे, की दहा वर्षांच्या मुलापासून दलप्रमुखापर्यंत दर चार-पाच वर्षांच्या अंतरावर कोणीतरी उभे असेल तरच संघटना चालते. या रचनेला मी वयाची शिडी म्हणतो. तिची मधली एक पायरी निखळली, की वरची माणसे कितीही मोठी असली तरी त्यांचा हात खालपर्यंत पोचत नाही.

सेवा दलाची सुरुवात या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. डॉ. ना. सु. हर्डीकरांनी १९२३ मध्ये सुरू केलेल्या हिंदुस्थानी सेवा दलाची परंपरा पाठीशी होती, पण ४ जून १९४१ रोजी पुण्यात राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी झाली तेव्हा दलप्रमुख झालेले एस. एम. जोशी ३६ वर्षांचे होते. ना. ग. गोरे त्यांच्याहून तीन वर्षांनी लहान. त्यांच्या खालची फळी पाहिली तर वसंत बापट, यदुनाथ थत्ते, ग. प्र. प्रधान हे सगळे १९२२ चे, म्हणजे तेव्हा जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांचे. आणि त्यांच्याही खाली शाखेत खेळायला येणारी दहा-बारा वर्षांची मुले. पस्तिशीतला माणूस विसाव्या वर्षाच्या तरुणाशी बोलतो, तो तरुण बारा वर्षांच्या मुलाशी बोलतो, अशी ती रचना होती. पुढच्याच वर्षी, १९४२ च्या आंदोलनात, एस. एम. जोशी भूमिगत झाले आणि संघटनेतले कितीतरी जण तुरुंगात गेले. अशा काळात संघटना मोडली नाही याचे श्रेय निष्ठेला दिले जाते, आणि ते योग्यच आहे. पण निष्ठेला उभे राहायला जागा लागते. ती जागा प्रत्येक पायरीवर माणूस असल्यामुळे मिळाली.

आता शिडीच्या सर्वांत महत्त्वाच्या पायरीकडे वळू. ती म्हणजे शाखानायक, वय साधारण १५ ते १८. शाखा म्हणजे संध्याकाळचा एक तास. खेळ, कवायत, समूहगीत, एखादी गोष्ट किंवा बौद्धिक, आणि निरोप घेताना ‘जिंदाबाद’. हे ऐकायला सोपे वाटते, पण तो तास जवळून पाहिला की नायकाला किती निर्णय घ्यावे लागतात ते कळते. खो-खोसाठी दोन गट पाडायचे आहेत. दोन चपळ मुलांना पुढे बोलावून ‘तुम्ही निवडा’ म्हटले, तर शेवटी तीच दोन-तीन मुले उरतात जी रोज उरतात: एक जाडा, एक वस्तीच्या पलीकडच्या आळीतला, एक नव्याने आलेला. जाणता नायक असे करत नाही. तो सगळ्यांना ओळीत उभे करून एक-दोन, एक-दोन मोजायला लावतो आणि गट पाडतो. आळीआळीतली जात, कोणाचे कोणाशी भांडण, कोण कोणाच्या घरी पाणी पीत नाही, हे सगळे त्या मोजणीत मोडते आणि त्याबद्दल एक शब्दही बोलावा लागत नाही. समतेवरचे बौद्धिक मुलांना किती कळले हे सांगता येणार नाही, पण रोज नव्या भिडूबरोबर खेळावे लागते, हे अंगात मुरते.

हे काम मोठा माणूस करू शकत नाही. चाळिशीतले गुरुजी मैदानात आले की मुलांना शाळा आठवते. पाच वर्षांनी मोठा असलेला नायक मात्र मुलांना आपल्यापैकीच वाटतो, आणि तरीही तो थोडा पुढे गेलेला असतो. ‘उद्या मीही असा होऊ शकतो’ हा विश्वास याच अंतरातून येतो. अंतर १५ वर्षांचे झाले की आदर वाढतो आणि अनुकरण थांबते. म्हणून नायकाला आधी मोठी प्रशिक्षणे देण्यापेक्षा वयाने योग्य नायक नेमणे, हीच संघटकाची पहिली परीक्षा असते.

मुलींच्या बाबतीत या पायरीचे स्वरूप बदलते. मुलामुलींची शाखा एकत्र भरवणे हे सेवा दलाने सुरुवातीपासून जपलेले वैशिष्ट्य आहे आणि त्या काळाचा विचार करता ते धाडस होते. आजही वस्तीत काम करणारी कोणतीही कार्यकर्ती सांगेल, की मुलगी आठवी-नववीत गेली की शाखेत यायची थांबते. कारण क्वचितच सांगितले जाते. ‘अभ्यास असतो’, ‘आईला बरं नाही’ अशी उत्तरे मिळतात. अशा वेळी नायिकेचे काम मैदानाबाहेर सुरू होते. ती त्या घरी जाते, आई पालेभाजी निवडत असेल तर शेजारी बसून चार काड्या स्वतः निवडते, आणि पहिल्या भेटीत शाखेचा विषयही काढत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत आई स्वतःच म्हणते, ‘अंधार पडतो गं ताई, परत येताना सोबत कोण?’ मग शाखेची वेळ अर्धा तास अलीकडे येते आणि शेवटच्या मुलीला दारापर्यंत पोचवायची जबाबदारी ठरते. अशा भेटींची नोंद कोणत्याही अहवालात नसते. मुलींची गळती थांबते ती मात्र याच भेटींमुळे. आणि हे काम फक्त स्त्रीच करू शकते असे नसले, तरी त्या घरात बसायला जागा तिलाच मिळते. म्हणून शाखेमागे तिशीच्या आतली एखादी कार्यकर्ती नसेल, तर मुलींची संख्या दोन-तीन वर्षांत शून्यावर येते.

पुढची पायरी १९ ते २३ ची, म्हणजे शिबिरे चालवणाऱ्यांची. शिबिराचे वर्णन पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते, तेव्हा त्यात फार थांबत नाही. एक मात्र सांगितले पाहिजे. शिबिराचा खरा अभ्यासक्रम स्वयंपाकघरात आणि हिशेबाच्या वहीत असतो. ६० जणांची डाळ-तांदळाची यादी करणे, सतरंज्या मोजून घेऊन मोजून परत देणे, वर्गणीच्या पावतीपुस्तकाची स्थळप्रत फाटू न देणे, या गोष्टी विसाव्या वर्षी शिकलेला तरुण पुढे ग्रामपंचायतीत गेला तरी हिशेब चोख ठेवतो.

मुख्य शिडीला लागून एक आडवी वाटही होती, ती कलापथकाची. वसंत बापट, लीलाधर हेगडे, सुधा वर्दे यांच्यासारख्यांनी ती घडवली. पु. ल. देशपांडे यांचे ‘पुढारी पाहिजे’ हे लोकनाट्य याच कलापथकाचे. निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके यांनी याच मंचावर पाय रोवले. विवेचनाच्या दृष्टीने कलापथकाचे महत्त्व असे, की ज्याला कवायतीत रस नाही, भाषण जमत नाही, अशा तरुणालाही संघटनेत काम मिळाले. पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करणारे तरुण निळू फुले महिन्याच्या ८० रुपये पगारातले १० रुपये सेवा दलाला देत, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात आवर्जून सांगितली जाते. पगाराचा आठवा हिस्सा देणारा माणूस देणगीदार नव्हे, तो मालकीच्या भावनेने तिथे असतो. साने गुरुजींनी पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले व्हावे म्हणून महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे १९४७ पासून उपोषण केले, तेव्हा वातावरण तयार करण्यात कलापथकाच्या गाण्यांचा वाटा मोठा होता. मैदानावरच्या तासात न येणाऱ्या हजारो लोकांपर्यंत संघटना पोचली ती या वाटेने.

सर्वांत नाजूक पायरी २४ ते ३० ची. इथे पूर्णवेळ सेवक येतो, आणि त्याच्याबरोबर पैशाचा प्रश्न येतो. पूर्णवेळ सेवकाला पगार देत नाहीत, मानधन देतात, आणि ते घर चालवण्याइतके नसते हे सगळ्यांना ठाऊक असते. तो कार्यकर्त्यांच्या घरी जेवतो, एसटीच्या लाल गाडीने फिरतो, दोन जोडी कपड्यांत वर्ष काढतो. या त्यागाचे मोल मी जराही कमी लेखत नाही. पण विश्लेषण करताना विचारलेच पाहिजे, की हा त्याग कोणाला परवडतो? ज्याच्या घरी शेतीचा तुकडा आहे, भाऊ नोकरीला आहे किंवा पत्नी शिक्षिका आहे, त्याला. भूमिहीन मजुराचा मुलगा किंवा घरकाम करणाऱ्या बाईची मुलगी पंचविसाव्या वर्षी घरी पैसे पाठवल्याशिवाय राहू शकत नाही. परिणामी शाखेत सर्व थरांतली मुले असतात, पण वरच्या पायरीवर पोचेपर्यंत चाळणी लागते आणि मागे उरतात ती थोडे स्थैर्य असलेल्या घरांतली. समतेसाठी झटणाऱ्या संघटनेत हे घडावे, याची मला खरोखर तळमळ वाटते, कारण हे कोणाच्या दुष्टपणामुळे घडत नाही. ते तुटपुंज्या मानधनामुळे घडते.

ही पायरी रिकामी होण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते अभिमानाचेही आहे. चांगला कार्यकर्ता तिशीत आला की त्याला स्वतःचे काम सापडते. यदुनाथ थत्त्यांनी दीर्घकाळ ‘साधना’ साप्ताहिक सांभाळले. हमीद दलवाई सेवा दलात वाढले आणि २२ मार्च १९७० रोजी त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर पोरक्या मुलांसाठी नळदुर्गजवळ ‘आपलं घर’ उभे राहिले, त्यामागे पन्नालाल सुराणा आणि सेवा दलाचे कार्यकर्ते होते. भूकंपानंतरच्या पहिल्या आठवड्यांत धावून जायला विशीतली मुले लागतात, पण पोरक्या मुलाला मोठे करायला १५ वर्षे एका जागी राहणारी माणसे लागतात. संघटनेने ती दिली. मात्र अशा प्रत्येक नव्या संस्थेबरोबर शाखेवर जाऊ शकणारा एक अनुभवी माणूस कमी होतो. समाजाची कमाई आणि संघटनेची झीज एकाच घटनेत होते. रोजच्या शाखेची जागा पुष्कळ ठिकाणी साप्ताहिक शाखेने आणि सुटीतल्या शिबिराने घेतली, त्याची कारणे शोधताना टीव्ही, मोबाइल आणि शिकवणी वर्गांना दोष देऊन थांबणे पुरेसे नाही.

इतर रचनांशी तुलना केली की हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. जयप्रकाश नारायण यांनी १ जानेवारी १९७५ रोजी स्थापन केलेल्या छात्र युवा संघर्ष वाहिनीने वयाची कमाल मर्यादा ३० ठरवली. म्हाताऱ्या युवक नेत्यांचा प्रश्न त्यामुळे सुटला आणि बोधगयेच्या मठाविरुद्धच्या भूमी आंदोलनासारखे मोठे काम तरुणांच्या हातून झाले. पण तिशी ओलांडलेल्यांनी जायचे कुठे, या प्रश्नाला नियमात उत्तर नव्हते. त्यांना नव्या संघटना काढाव्या लागल्या. सरकारी रचनेचा दोष याच्या उलट आहे. नेहरू युवा केंद्राच्या राष्ट्रीय युवा स्वयंसेवक योजनेत १८ ते २९ वयाच्या तरुणाला महिना ५,००० रुपये मानधनावर घेतले जाई, आणि फार तर दोन वर्षे. दोन वर्षांत त्याला तालुक्यातली मंडळे कळू लागतात, तेवढ्यात मुदत संपते. राष्ट्रीय युवा धोरणाने युवक म्हणजे कोण याची व्याख्या २००३ मध्ये १३ ते ३५ अशी केली होती, २०१४ मध्ये ती १५ ते २९ झाली. कागदावर वय कसेही आखता येते, पण माणूस एका पायरीवरून दुसरीवर कसा जाईल याची सोय कोणत्याच धोरणात ठळकपणे दिसत नाही.

कंपनी कायदा २०१३ नंतर नफ्यातल्या २ टक्क्यांचा सामाजिक निधी आला आणि शहरी वस्त्यांत काम करणाऱ्या संस्थांना पगार देणे काही प्रमाणात शक्य झाले. वस्तीतल्याच मुलामुलींना प्रशिक्षक म्हणून घेण्याची त्यांची पद्धत मला मोलाची वाटते, कारण वर सांगितलेली चाळणी त्यामुळे थोडी सैल होते. अडचण अशी, की निधी प्रकल्पाला मिळतो आणि प्रकल्प दोन-तीन वर्षांचा असतो. पंचवीस वर्षांच्या मुलीला मार्चमध्ये ठाऊक नसते की एप्रिलमध्ये आपण कामावर असू की नाही. तिच्याकडून कोणत्या निष्ठेची अपेक्षा धरायची?

पगारी असो वा बिनपगारी, एका बाबतीत मात्र सर्वांना एकच शिस्त लागू झाली पाहिजे, ती मुलांच्या सुरक्षिततेची. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. ‘आपल्या माणसाचे नाव खराब होईल’ हे कारण त्यापुढे टिकत नाही. सेवाभाव हे चारित्र्याचे प्रमाणपत्र नव्हे. शिबिरात मुलांच्या निवासाच्या खोलीत एकटा मोठा माणूस राहणार नाही, इतका साधा नियमही भिडेपोटी पाळला जात नसेल, तर नायकापासून विश्वस्तापर्यंत सर्वजण दोषी आहेत.

शिडीच्या या विवेचनातून निघणारी सूचना मर्यादित पण अमलात आणण्याजोगी आहे. वार्षिक अहवालात शाखा किती, शिबिरे किती, सैनिक (म्हणजे सभासद) किती हे आकडे छापले जातात. त्यांच्या शेजारी कार्यकर्त्यांचे वय, त्या कामावर आल्याचे वर्ष, आधी तो कोणाच्या हाताखाली होता आणि त्याच्या हाताखाली कोण तयार होत आहे, असे चार रकाने घालावेत. मानधनाच्या निधीतला पहिला वाटा ज्यांच्या घरी त्यांच्या कमाईची वाट पाहिली जाते त्यांच्यासाठी राखावा आणि तो किमान पाच वर्षांसाठी बांधावा, मग एखादे मोठे अधिवेशन रद्द करावे लागले तरी चालेल. तिशीनंतर स्वतःची संस्था काढणाऱ्या कार्यकर्त्याने जाण्यापूर्वी सहा महिने नव्या माणसाला सोबत घेऊन आपल्या शाखांवर फिरावे, घराघरांत त्याची ओळख करून द्यावी, आणि हा फिरतीचा खर्च संघटनेने उचलावा.