बोगनवेल : नाव एकाचं, कष्ट दुसऱ्याचे

मार्च-एप्रिलमध्ये गावातून एक चक्कर मारली, की एक गंमत दिसते. हिरवळ करपलेली असते, विहिरी तळाला गेलेल्या असतात आणि नेमक्या त्याच वेळी शाळेच्या कुंपणावर, बंगल्यांच्या फाटकांवर, महामार्गाच्या दुभाजकांत बोगनवेल बहरलेली असते. राणी रंगाची, भगवी, पांढरी. ती इतकी आपली झाली आहे, की तिचं नावही मराठीच वाटतं. शेवटी ‘वेल’ आहे ना, मग सुरुवातीच्या ‘बोगन’चा अर्थ कोण विचारतो?

पण हे नाव एका फ्रेंच माणसाचं आहे. लुई आंत्वान द बूगँव्हिल हा लष्करी अधिकारी १७६६ साली फ्रान्सच्या राजाच्या आज्ञेनं पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला. ‘बुदूज’ आणि ‘एत्वाल’ ही त्याची दोन जहाजं. ‘एत्वाल’वर फिलिबेर कॉमर्सों हा वनस्पतितज्ज्ञ होता आणि त्याच्या दिमतीला एक तरुण नोकर. १७६७च्या जूनमध्ये दोन्ही जहाजं ब्राझीलमधल्या रिओ दि जानेरोला एकत्र आली. तिथल्या मुक्कामात या वेलीचे नमुने गोळा झाले आणि कॉमर्सोंनं तिला आपल्या कप्तानाचं नाव दिलं. पुढे १७८९मध्ये झ्युस्यू या फ्रेंच शास्त्रज्ञानं ते आपल्या ग्रंथात छापलं आणि ते कायमचं झालं.

आता त्या नोकराविषयी. तो पुरुष नव्हताच. पुरुषी कपडे घालून जहाजावर चढलेली ती झान बारे नावाची स्त्री होती, फ्रान्सच्या बर्गंडी भागातल्या गरीब घरातली. राजाच्या जहाजावर बायकांना मज्जाव होता, म्हणून हे सोंग. नमुने दाबायच्या फळ्या, कागद, शिधा असं सगळं ओझं घेऊन ती डोंगरदऱ्या तुडवत असे. १७६८मध्ये ताहिती बेटावर तिचं बिंग फुटलं. बूगँव्हिलनं १७७१च्या आपल्या प्रवासवर्णनात ही हकिगत दिली आहे आणि तिच्या धैर्याचं कौतुकही केलं आहे.

कॉमर्सोंच्या पायाला जखम होती आणि ती चिघळत असे. त्यामुळे रिओची ती वेल प्रत्यक्षात बारेनंच खुडून आणली असावी, असा तर्क काही अभ्यासक करतात. लेखी पुरावा नाही, पण मला तो तर्क पटतो. ज्याचा पाय दुखतो तो वहीत नाव लिहितो आणि ज्याचे पाय धड असतात तो काट्यांत शिरतो, हे आपण आजही पाहतोच की!

१७६८च्या अखेरीस दोघंही मॉरिशसला उतरले. १७७३मध्ये कॉमर्सों तिथेच वारला. बारेनं एका फ्रेंच सैनिकाशी लग्न केलं आणि काही काळानं ती मायदेशी परतली. पृथ्वीला प्रदक्षिणा घालणारी ती पहिली ज्ञात स्त्री ठरली. १७८५मध्ये फ्रेंच सरकारनं तिला वर्षाला २०० लिव्हर इतकं निवृत्तिवेतन मंजूर केलं. कॉमर्सोंनं एका झाडाला तिचं नाव देऊ केलं होतं, पण ते टिकलं नाही. अखेर २०१२ साली संशोधकांनी दक्षिण अमेरिकेतल्या, बटाटा-वांग्याच्या कुळातल्या एका रानटी वनस्पतीला बारेचं नाव दिलं. बारे १८०७ मध्ये वारली होती. म्हणजे मध्ये दोनशेहून अधिक वर्षं गेली.

बोगनवेलीच्या बाबतीत आपण दारातही असाच घोटाळा करतो. ज्याला फूल म्हणतो ती तिची रंगीत पानं असतात. वनस्पतिशास्त्रात त्यांना छदे म्हणतात. बीट ज्या रंगद्रव्यांमुळे लाल दिसतं, त्याच गटातली रंगद्रव्यं त्यांत असतात. खरं फूल म्हणजे त्या तीन पानांच्या मधल्या पांढुरक्या, बारीक नळ्या. आपल्या परसातली गुलबाक्षी हिच्याच कुळातली.

अनेकजण मला विचारतात, “अहो, आमची बोगनवेल नुसती वाढते, फुलत नाही. काय करावं?” मी म्हणतो, लाड कमी करा. दिवसातून पाच-सहा तास कडक ऊन तिला हवंच. युरिया घातला, रोज पाणी दिलं, की ती नुसता पाला वाढवते. संत्र्याचा बहार धरताना बागायतदार पाणी तोडून झाडाला ताण देतात, तसाच थोडा ताण हिलाही मानवतो. मात्र कुंडीतून जमिनीत लावताना मुळांभोवतीची माती फोडू नका. हिची मुळं नाजूक असतात.

दुसरी गोष्ट छाटणीची. दोडक्या-काकडीसारखे तणावे हिला नसतात. लांबच लांब फांद्या फेकायच्या आणि काट्यांच्या आधारानं दुसऱ्याच्या अंगावर चढायचं, ही तिची रीत. मोकळी सोडली तर शेजारच्या आंब्यावर आणि कौलांवर जाऊन बसते. म्हणून फांद्या हव्या त्या दिशेला बांधून घ्याव्या लागतात. फुलं नव्या धुमाऱ्यांवर येतात. तेव्हा उन्हाळ्याचा बहर ओसरला, की पावसाच्या तोंडाशी जाड हातमोजे घालून सपाटून छाटावी. पाऊस संपल्यावर फक्त शेंडे खुडावेत आणि हळूहळू पाणी कमी करावं. ऐन बहराच्या आधी कात्री चालवली, तर फुलंच कापली जातात.

हे सगळं काम बहुतेक ठिकाणी माळी करतो. काटे त्याच्या हाताला लागतात आणि “काय सुंदर बाग आहे तुमची!” हे कौतुक मालकाच्या वाट्याला येतं. वेलीचं नाव आता बदलणार नाही, बदलायची गरजही नाही. बूगँव्हिलनं निदान बारेची हकिगत लिहून ठेवली, म्हणून ती आपल्याला कळली. पण मुलांना बोगनवेल दाखवाल तेव्हा रंगीत पानं बाजूला सारून आतलं पांढरं फूलही दाखवा आणि कप्तानाची गोष्ट सांगताना झान बारेचं नाव घ्या. पुढच्या खेपेला कुणी तुमच्या बागेची वाहवा केली, तर माळीदादांनाही पुढे बोलवा.