तुळई आणि बिली

गेल्या दिवाळीत अवसरी बुद्रुकच्या आमच्या जुन्या घराचं माजघर उतरवायचं ठरलं. पांढरीच्या मातीच्या भिंती दोन पावसाळे खचत होत्या. मंचरहून जुनं लाकूड घेणारा एक जण आला. त्याने भिंतींकडे बघितलंसुद्धा नाही. मान वर करून तुळया मोजल्या, खिशातल्या चाकूने एका ठिकाणचा धुराचा काळा थर खरवडला, वास घेतला आणि म्हणाला, "सागवान." मग टेप काढून घनफुटांचा हिशोब सुरू झाला.

जाता जाता त्याने एक गोष्ट दाखवली. त्या तुळईखाली माझं अख्खं लहानपण गेलं, पण मला ती कधी दिसली नव्हती. तुळईच्या खालच्या अंगाला तीन चौकोनी खाचा होत्या. त्यात काहीच बसवलेलं नव्हतं आणि आमच्या खांबांशी त्या जुळतही नव्हत्या. "हे लाकूड आधी दुसऱ्या घरात होतं," तो म्हणाला. अण्णांनाही हे माहीत नव्हतं. पणजोबांनी कुणाच्या तरी पडक्या वाड्याचं आणलं असणार.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. माझ्या फ्लॅटमध्ये आयकियाचं 'बिली' नावाचं पुस्तकांचं कपाट आहे. इंग्रजीतल्या 'सस्टेनेबल' या शब्दाशिवाय या कंपनीचं एक पान पुरं होत नाही. आपल्याकडे सरकारी मराठीत त्याला 'शाश्वत' म्हणतात. पण अण्णांना तो शब्द सांगितला असता तर त्यांनी विचारलं असतं, "म्हणजे टिकाऊ का?" हा प्रश्न डोक्यात घेऊन मी या कंपनीचा इतिहास वाचायला लागलो. दुसरी कुठली कंपनीही घेता आली असती. पण ही जगातली सर्वांत मोठी फर्निचर विकणारी कंपनी आहे, तिचं दुकान आपल्याकडे तुर्भ्याला आहे, आणि तिच्या चुका बऱ्यापैकी नोंदवलेल्या आहेत.

स्वीडनमधल्या स्मोलँड या दगडाळ, गरीब भागात १९४३ साली इंग्वार कॅम्पराड या सतरा वर्षांच्या मुलाने आयकिया सुरू केली. आधी पेनं वगैरे किरकोळ माल होता, १९४८ पासून फर्निचर आलं. १९५६ मध्ये गिलिस लुंडग्रेन या कर्मचाऱ्याला एक टेबल गाडीत बसवायचं होतं. ते बसेना, म्हणून त्याने पाय काढले. फ्लॅट-पॅकची ही जन्मकथा कंपनी स्वतः मोठ्या हौसेने सांगते. यात पर्यावरण कुणाच्या डोक्यातही नव्हतं. ट्रकमधून हवा वाहून नेण्याचे पैसे कशाला द्यायचे, एवढाच हिशोब होता. पण सपाट खोक्यांमुळे एका ट्रकमध्ये कितीतरी जास्त माल मावतो, फेऱ्या कमी होतात, डिझेल कमी जळतं. पुढे १९८०च्या आसपास दाराच्या फळ्या बनवण्याचं तंत्र वापरून 'लॅक' हे टेबल आलं. त्याच्या फळीच्या पोटात मधाच्या पोळ्यासारखी कागदाची जाळी असते. लाकूड वाचलं, वजन घटलं, किंमतही उतरली. प्रोग्रॅम लिहिताना मेमरी वाचवली की वेग आपोआप वाढावा, तसं हे झालं.

याची दुसरी बाजू म्हणजे पार्टिकल बोर्ड. लाकडाचा भुसा आणि चिपा युरिया-फॉर्मल्डिहाइडच्या चिकटात कालवून, उष्णता आणि दाब देऊन त्याची फळी करतात. सॉ-मिलचा उरलेला माल कामी येतो, हे खरंच चांगलं आहे. पण त्या चिकटातून फॉर्मल्डिहाइड वायू हळूहळू सुटत राहतो. डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला डेन्मार्कने त्यावर मर्यादा घातली. सरकारने तपासणी केली तेव्हा आयकियाचा काही माल मर्यादेबाहेर निघाला. कंपनीला दंड झाला आणि डेन्मार्कमधली विक्री घसरली. कंपनीने पुरवठादारांवर कडक अटी घातल्या. पण पुरवठादार बोर्ड घेतो दुसऱ्याकडून, तो दुसरा चिकट घेतो तिसऱ्याकडून. तीन पायऱ्या खाली कुणी काय मिसळलं हे वरच्याला कळत नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले दुसऱ्याची लायब्ररी वापरतो आणि एके दिवशी तिच्यात भोक निघतं, अगदी तोच प्रकार.

१९९२ मध्ये पुन्हा तेच झालं, आणि या वेळी कंपनीचं लाडकं बिली सापडलं. जर्मनीतल्या पत्रकारांनी तपासणी करून घेतली. बोर्ड ठीक होता, वरच्या लॅकरमधून फॉर्मल्डिहाइड मर्यादेपेक्षा किंचित जास्त येत होतं. कंपनीने जगभरात बिलीचं उत्पादन आणि विक्री थांबवली. थेट तोटाच साठ-सत्तर लाख डॉलरच्या घरात गेला. त्यानंतर मात्र कंपनीची माणसं साखळीच्या टोकाला, थेट रसायनं बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या दारात जाऊन बसली.

या दोन प्रकरणांच्या मध्ये आणखी एक माणूस येतो. कार्ल-हेन्रिक रॉबेर हे कर्करोगावर काम करणारे स्वीडिश डॉक्टर. १९८९ मध्ये त्यांनी 'द नॅचरल स्टेप' ही चळवळ सुरू केली आणि स्वीडनमधल्या घराघरांत एक पुस्तिका आणि कॅसेट पाठवली. त्यांचं म्हणणं साधं होतं. जमिनीतून काढलेलं आणि कारखान्यात बनवलेलं द्रव्य निसर्गाला पचवता येणार नाही अशा वेगाने साचू देऊ नका, आणि निसर्गाची स्वतःची भरून काढण्याची ताकद तोडू नका. आयकियाने त्यांची शिकवण कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात घेतली आणि १९९१ मध्ये कंपनीचं पहिलं पर्यावरण धोरण लिहिलं गेलं. म्हणजे धोरण आधी झालं, तरी त्यात जीव आला तो बिली प्रकरणाची झळ बसल्यावर.

लाकडाचा प्रश्न याहून अवघड. १९९३ मध्ये एफएससी ही जंगलांना प्रमाणपत्र देणारी संस्था उभी राहिली, तिच्या सुरुवातीच्या सदस्यांमध्ये आयकिया होती. जगात व्यापारासाठी तोडल्या जाणाऱ्या लाकडापैकी सुमारे एक टक्का ही एकटी कंपनी वापरते असं एक दशकापूर्वी छापून येत होतं. एका दुकानाचा एक टक्का! आज ती सांगते की जवळपास सगळं लाकूड एफएससीचं किंवा पुनर्वापराचं आहे. पण जून २०२० मध्ये 'अर्थसाइट' या ब्रिटिश संस्थेने दाखवलं की युक्रेनमधल्या बेकायदा तोडीचं लाकूड तिच्या खुर्च्यांपर्यंत पोचलं होतं, आणि त्या जंगलावर एफएससीचा शिक्का होता. पुढच्या वर्षी रशियाबद्दल तसाच अहवाल आला. शिक्का आणि झाड यांच्यातलं अंतर फॉर्मल्डिहाइडच्या वेळी होतं तेवढंच पुन्हा लांब निघालं.

इथे रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र आठवल्यावाचून राहत नाही. दर पाच जूनला व्हॉट्सॲपवर फिरतं, म्हणून मी त्याकडे दुर्लक्षच करायचो. साधारण १७१६ चा हा दस्तऐवज. त्यातला तो उतारा आरमाराबद्दलचा आहे, म्हणजे तिथेही एक मोठा, लाकडाचा भुकेला ग्राहकच होता. आपल्या मुलखातल्या जंगलातलं सागवान वगैरे लागेल ते परवानगी घेऊन तोडावं, कमी पडेल ते बाहेरून विकत आणावं. आंबा, फणस यांना मात्र हात लावू नये, कारण ती झाडं वर्ष-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड फारच जीर्ण झालं असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन तोडावं, जबरदस्ती करू नये. प्रत्यक्षात किती पाळलं गेलं हा भाग वेगळा. पण तपासणीचा अधिकार ज्याने झाड वाढवलं त्याच्या होकारात ठेवलेला आहे, हे मला एफएससीच्या फायली वाचताना जास्त जाणवलं.

आता आपल्याकडे येऊ. आयकिया भारतातून माल घेत होती १९८०च्या दशकापासून, पण दुकान उघडायला तिला फार वेळ लागला. २०१३ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, ऑगस्ट २०१८ मध्ये हैदराबाद आणि १८ डिसेंबर २०२० ला तुर्भे. पाच लाख चौरस फुटांहून मोठं. मी तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा निम्मे लोक फक्त चालायला आणि खायला आल्यासारखे वाटले, त्यात मीही होतो. इथे कंपनीने घरपोच मालासाठी इलेक्ट्रिक तीनचाकी हैदराबादपासूनच वापरात आणल्या. २०१८ च्या नोव्हेंबरात तिने आणखी एक घोषणा केली: उत्तर भारतात शेतात जाळला जाणारा भाताचा पेंढा घेऊन त्यापासून वस्तू बनवायच्या. कल्पना छान, वस्तू लहान. टोपल्या, गालिचे असा माल होता. आमच्या आंबेगाव तालुक्यात भात पश्चिमेला, इकडे ऊस. भीमाशंकर कारखान्याला ऊस गेला की मागे राहिलेलं पाचट रात्री पेटलेलं मी लहानपणापासून बघतोय. चिपाडापासून पार्टिकल बोर्ड बनवण्याचा उद्योग सोलापूर जिल्ह्यात वेळापूरला कितीतरी आधी उभा राहिला होता. त्याची कुणी जाहिरात केली नाही, म्हणून तो 'शाश्वत' ठरला नाही, एवढंच.

२०१८ मध्येच कंपनीने जाहीर केलं की २०३० पर्यंत फक्त पुन्हा उगवणारं किंवा पुनर्वापराचं साहित्य वापरू. २०२० च्या नोव्हेंबरात सत्तावीस देशांत जुनं फर्निचर परत विकत घेण्याची योजना आली. त्याच डिसेंबरात सत्तर वर्षं चाललेला छापील कॅटलॉग बंद झाला. एलईडी सोडून बाकी दिवे विकणं तर तिने २०१५ मध्येच थांबवलं होतं. यादी लांब आहे आणि बहुतेक गोष्टी खऱ्या आहेत. मला ही कंपनी ढोंगी वाटत नाही. पण ही यादी पुन्हा पुन्हा वाचल्यावर दिसतं की जिथे खर्च वाचतो, किंवा जिथे बाहेरच्या कुणी पकडलं, तिथे ती जोरात धावली आहे. जिथे कमी विकावं लागेल तिथे पाय अडतो. कंपनीचे तेव्हाचे शाश्वतता-प्रमुख स्टीव्ह हॉवर्ड जानेवारी २०१६ मध्ये जाहीर कार्यक्रमात म्हणाले होते की पश्चिमेत लोकांकडे वस्तूंचा कळस झालाय, पडद्यांचासुद्धा. त्याच सुमारास कंपनीचं विक्री जवळपास दुप्पट करण्याचं लक्ष्य होतं. पत्रकारांनी दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी छापली.

गावच्या सुताराचा हिशोब नेमका उलटा होता. बलुत्यात त्याला वर्षाचं धान्य मिळायचं, नगावर पैसे नाहीत. नांगर मोडला तर दुरुस्त करणं त्याच्या अंगावर. म्हणजे वस्तू जितकी टिकेल तितकं त्याचं काम कमी. टिकाऊपणाचा फायदा बनवणाऱ्याला मिळतो, अशी ही व्यवस्था. पण तिचं कौतुक करताना जीभ आवरावी लागते. त्र्यंबक नारायण आत्र्यांचं 'गावगाडा' १९१५ चं, त्यात या व्यवस्थेतली अडवणूक आणि आळस यांची तक्रार पानोपानी आहे. आणि धंदा जन्माने ठरायचा, बलुतं किती द्यायचं हे पाटील आणि बडे शेतकरी ठरवायचे. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आला, गोदरेजचं पोलादी कपाट १९२३ पासून आलं, आणि सुताराच्या पोरांनी शहर गाठलं. त्यांना दोष कोण देणार?

माजघर डिसेंबरात उतरवलं. तीन तुळया मंचरच्या माणसाने नेल्या, एक मी ठेवून घेतली. ऑनलाइन मागवलेलं माझं कामाचं टेबल (बिलीच्या कंपनीचं नव्हे) एका पावसाळ्यात खिडकीच्या बाजूने फुगलं होतं. ते घेऊन मी मंचरजवळच्या एका सुताराकडे गेलो. त्यांनी स्क्रूच्या भोकात बोट घातलं, भुसा निघाला. "याला परत पकड येत नाही बघ," ते म्हणाले. मग तुळई दाखवली. ते बराच वेळ तिच्या कडेने चालत राहिले.

"मामा, टेबल होईल का?"

"दोन होतील. पण आधी खिळे शोधावे लागतील."

सगळे सापडले नाहीत. मशीनच्या रंध्याचं पातं एका खिळ्याने तुटलं, त्याचे पैसे मी दिले. मजुरी धरून ते टेबल दुकानातल्या टेबलाच्या तिप्पट पडलं, आणि पुण्याला आणायला छोटा हत्ती लागला, कारण ते सपाट खोक्यात मावत नाही.

वरच्या फळीत जुन्या तीन खाचांपैकी एक आली आहे. "बुजवू का?" मामांनी विचारलं होतं. मी नको म्हणालो. लॅपटॉपच्या चार्जरची वायर आता तिच्यातून खाली जाते.