दोन खंडाळे आणि एक हरवलेली फाईल

पुण्यात कुणाला "उद्या खंडाळ्याला जायचंय" असे सांगितले, की तो हमखास विचारतो, "कोणत्या? लोणावळ्याजवळच्या, की साताऱ्याकडच्या?" एक खंडाळा बोरघाटाच्या माथ्यावर आहे, पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यात. दुसरा शिरवळच्या पुढे, खंबाटकी घाटाच्या अलीकडे, सातारा जिल्ह्यात. नुसते 'खंडाळा' हे नाव पुरेसे नाही. ते पुरते, तेव्हा बोलणारा आणि ऐकणारा कुठे उभे आहेत हे दोघांनाही माहीत असते म्हणून. शिरवळच्या स्टँडवर कुणी 'खंडाळा' म्हणाले, तर कोणता असा प्रश्न पडतच नाही.

संगणकातल्या फाईलचेही असेच आहे, हे मला एका फजितीतून नीट उमगले.

काही वर्षांपूर्वी खंडाळा तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेसाठी मी निकाल तयार करणारा छोटा प्रोग्रॅम लिहून दिला. माझ्या संगणकावर तो महिनाभर बिनतक्रार चालला. शाळेत मात्र पहिलाच संदेश आला : फाईल सापडली नाही. कारण उघड होते. गुणांची फाईल कुठे आहे, याचा पत्ता मी माझ्या संगणकातल्या माझ्या फोल्डरसकट पूर्ण लिहून ठेवला होता. ते फोल्डर शाळेच्या संगणकावर असणार कुठून? मी घाईने तो पत्ता खोडला आणि नुसते 'निकाल' एवढेच नाव ठेवले. प्रोग्रॅम चालू झाला आणि मी समाधानाने परतलो.

आठवड्याने सरांचा फोन आला. अर्ध्या वर्गाचे गुण गायब होते! प्रत्यक्षात गुण कुठेही गेले नव्हते. एका शिक्षकांनी प्रोग्रॅम त्याच्या चिन्हावर टिचकी मारून सुरू केला होता, दुसऱ्यांनी वेगळ्या फोल्डरमध्ये बसून आज्ञा देऊन. प्रोग्रॅमने दोन ठिकाणी 'निकाल' नावाच्या दोन फायली तयार केल्या होत्या आणि दोन्हींत अर्धा अर्धा वर्ग होता. दुसऱ्या दिवशी निकाल लावायचा होता. फायली जुळवायला रात्रीचे दहा वाजले. चूक सर्वस्वी माझी होती. पहिल्यांदा मी पत्ता नको तितका पूर्ण लिहिला आणि दुसऱ्यांदा नको तितका अपुरा.

पहिल्या प्रकारच्या पत्त्याला निरपेक्ष मार्ग म्हणतात. तो मुळापासून सुरू होतो आणि कुठूनही वाचला तरी एकच जागा दाखवतो. दुसरा सापेक्ष मार्ग. तो 'आत्ता आपण जिथे आहोत' तिथून मोजायचा. खंडाळ्याहून साताऱ्याकडे निघालेल्याला "घाट उतरल्यावर सुरूरला उजवीकडे वळ, वाई येईल" असे सांगता येते. साताऱ्याहून येणाऱ्याने तेच वाक्य पाळले, तर सुरूरला पोचून तो वाईकडे पाठ फिरवेल.

आपल्या टपाल खात्यानेही हा प्रश्न सोडवला आहे. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या पुढाकाराने 15 ऑगस्ट 1972 रोजी देशात पिनकोड सुरू झाला. बोरघाटातल्या खंडाळ्याचा पिन 410301, आपल्या खंडाळ्याचा 412802. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून टपाल वर्गीकरणाचा जिल्हा आणि शेवटचे तीन वाटप करणारे कार्यालय. म्हणजे हा मुळापासून फांदीपर्यंत जाणारा निरपेक्ष मार्गच झाला. गंमत अशी, की सातारा शहराचा पिन 415 ने सुरू होतो, पण खंडाळा, शिरवळ आणि वाई यांचा 412 ने. महसूल खात्याच्या झाडावर ही गावे साताऱ्याच्या फांदीवर आहेत, टपालाच्या झाडावर दुसऱ्या फांदीवर. जागा तीच, झाडे दोन. मार्ग लिहिताना तो कोणत्या झाडावरचा, हे ठरलेले असावे लागते.

संगणकात हे झाड आले कधी? 1965 साली आर. सी. डेली आणि पी. जी. न्यूमन यांनी मल्टिक्स या नियोजित प्रणालीसाठी फायलींची रचना मांडणारा निबंध प्रसिद्ध केला. डिरेक्टरीच्या पोटात डिरेक्टरी, तिच्या पोटात फाईल, अशी ती झाडासारखी रचना होती. मुळापासूनचा मार्ग आणि चालू जागेपासूनचा मार्ग हा भेदही त्यात होता. पुढे बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी 1969 पासून युनिक्स घडवली. तिच्या पहिल्या, पीडीपी-7 या यंत्रावरच्या आवृत्तीत डिरेक्टऱ्या होत्या, पण मार्ग लिहिण्याची सोयच नव्हती. फाईलचे एकच साधे नाव द्यायचे आणि ते चालू डिरेक्टरीत शोधले जायचे. तिरपी रेघ देऊन '/शाळा/दहावी/निकाल' असा मार्ग लिहिणे पीडीपी-11 या पुढच्या यंत्रावरच्या युनिक्समध्ये आले. सुरुवातीला रेघ असेल तर मार्ग निरपेक्ष, नसेल तर सापेक्ष. दोन टिंबे म्हणजे 'एक पायरी वर'.

मायक्रोसॉफ्टच्या डॉसमध्ये डिरेक्टऱ्या आल्या 1983 साली, दुसऱ्या आवृत्तीत. तोवर तिथे तिरपी रेघ आज्ञांचे पर्याय लिहिण्यासाठी वापरात होती. म्हणून मार्गासाठी उलटी रेघ घेतली गेली. शिवाय 'सी:' सारखी डिस्कची अक्षरे होतीच. एका झाडाऐवजी अनेक झाडे झाली आणि फांद्या जोडण्याचे चिन्हही बदलले.

त्यामुळे मार्ग म्हणजे अक्षरांची नुसती माळ मानून प्रोग्रॅम लिहिला, की तो एका यंत्रावर चालतो आणि दुसऱ्यावर अडतो. ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगची मदत इथे होते. या पद्धतीत माहिती आणि त्या माहितीला विचारता येणारे प्रश्न एकाच ऑब्जेक्टमध्ये बांधलेले असतात. 1996 साली आलेल्या जावाच्या पहिल्या आवृत्तीतच 'फाईल' नावाचा वर्ग होता. नाव फाईल असले, तरी तो खरे तर मार्गाचे प्रतिनिधित्व करतो. "तू निरपेक्ष आहेस का?" असे त्याला विचारता येते. 2011 मध्ये जावाच्या सातव्या आवृत्तीत 'पाथ' आला. एका मार्गाला दुसरा जोडणे, किंवा एका जागेवरून दुसरीकडे कसे जायचे ते काढणे, ही कामे तो स्वतः करतो. 2014 मध्ये पायथन 3.4 मध्ये 'पाथलिब' आले. कोणती रेघ वापरायची ही काळजी आता ऑब्जेक्टची.

ही केवळ सोय नाही. जानेवारी 2015 मध्ये लिनक्सवरील 'स्टीम' या खेळांच्या प्रोग्रॅममधला एक दोष उजेडात आला. त्याच्या एका आज्ञावलीत 'आपले फोल्डर' अधिक '/' अधिक 'सर्व काही' अशी अक्षरे जोडून ती जागा पुसण्याची आज्ञा होती. काही परिस्थितीत फोल्डरचा मार्ग रिकामाच राहिला. मग उरले '/' आणि 'सर्व काही', म्हणजे झाडाच्या मुळापासून सगळे! वापरणाऱ्याला जे जे पुसण्याचा अधिकार होता, ते ते पुसले गेले. लिहिणाऱ्याने त्या ओळीशेजारी 'भीतिदायक' अशा अर्थाची टीपही ठेवली होती. पाथलिबमध्ये रिकाम्या मार्गाला नाव जोडले, तर सापेक्ष मार्गच मिळतो. तो आपोआप मुळाशी जात नाही. अर्थात ऑब्जेक्ट आपल्याला विचार करण्यातून सूट देत नाही. त्याच पाथलिबमध्ये डावीकडे काहीही असो, उजवीकडे निरपेक्ष मार्ग जोडला की डावीकडचे सारे गळून पडते.

शाळेच्या प्रोग्रॅममध्ये शेवटी मी काय केले? प्रोग्रॅम कुठून सुरू केला हे न पाहता, तो स्वतः कुठे ठेवला आहे हे आधी त्याला शोधायला लावले. ती जागा एकदाच निरपेक्ष करून घेतली आणि बाकी सर्व मार्ग तिच्या सापेक्ष लिहिले. फोल्डर उचलून दुसऱ्या संगणकावर नेले तरी काही बिघडत नाही. मूळ एकच आणि ठरलेले, फांद्या त्याच्या आधाराने.

वर्गात हे संगणकाशिवायही करून पाहता येईल. मुलांना शाळेच्या फाटकापासून घराचा रस्ता लिहायला सांगा, आणि शेजारी गाव, तालुका, जिल्हा, पिन असा पत्ता. मग कागदांची अदलाबदल करून विचारा : एस. टी. स्टँडवर उभ्या असलेल्या पाहुण्याला यातला कोणता कागद उपयोगी पडेल? आणि शाळाच दुसऱ्या इमारतीत गेली, तर कोणता पुन्हा लिहावा लागेल? उत्तरे ऐका, फायलींचा धडा त्यातच आलेला असेल.