तंजावरचे तीन कर्ते आणि प्रभावाचे माप

परमुलखात चार मराठी माणसे एकत्र जमली, की पहिला चहा संपण्यापूर्वी बदल्यांचा विषय निघतो आणि दुसरा संपण्यापूर्वी 'थोर कोण' हा वाद. क्रिकेटचा विषय असला तर कोणी धावांची बेरीज मांडतो; दुसरा म्हणतो, बेरजेचे काय घेऊन बसलात, ज्याच्यामुळे खेळण्याची रीतच बदलली तो मोठा. रणजितसिंहांच्या धावा पुढे कितीकांनी मागे टाकल्या. पण पायाजवळचा चेंडू मनगटाच्या हलक्या वळणाने मागे धाडण्याची त्यांची तऱ्हा जगभरच्या फलंदाजांनी उचलली. पराक्रम आणि प्रभाव या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, एवढे या वादातून निष्पन्न होते.

हेच माप तंजावरच्या मराठ्यांना लावून पाहावे, असे आमच्या मनात बरेच दिवस आहे. व्यंकोजीराजांनी १६७५-७६ च्या सुमारास कावेरीकाठी राज्य स्थापिले आणि १८५५ साली दुसरे शिवाजीराजे पुत्रहीन वारल्यावर कंपनी सरकारने ते खालसा केले. या सुमारे १८० वर्षांत व त्यानंतरच्या काळात तेथे घडलेल्या कर्त्या पुरुषांपैकी तीन आम्ही निवडतो : शहाजीराजे, दुसरे सरफोजीराजे आणि कृष्ण भागवतर. पहिला सत्ताधीश, दुसरा नावापुरता राजा, तिसरा राजाच नव्हे.

शहाजीराजांची कारकीर्द १६८४ ते १७१२ पर्यंतची. हा राजा स्वतः लेखक होता. तेलुगूत त्याने 'पल्लकी सेवा प्रबंधम्' रचले, तिरुवारूरच्या त्यागेशाला आपले आराध्य मानले आणि मराठीतही नाटके लिहिली. 'लक्ष्मीनारायण कल्याण' हे त्यांपैकी एक. विद्वानांना त्याने अग्रहार दिला; १६९३ सालचे तिरुविशनल्लूरचे दान प्रसिद्धच आहे. निव्वळ कर्तृत्वाची बेरीज मांडायची तर शहाजीराजांशी बरोबरी करणारा त्या घराण्यात विरळा.

आता प्रभावाचा हिशेब पाहू. मराठी रंगभूमीचा आरंभ आपण १८४३ साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी केलेल्या 'सीतास्वयंवरा'पासून मोजतो. त्या प्रयोगाला चालना मिळाली ती कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून. म्हणजे प्रेरणा दक्षिणेचीच. परंतु दीड शतक आधी तंजावरास मराठीत नाटके लिहिली गेली होती, याचा सांगलीस गंधही नव्हता. मराठी नाटकाचा ओघ त्या संहितांना स्पर्श न करता निघून गेला. थोर कृती आणि तिचा वारसा यांच्यामध्ये एवढे अंतर पडू शकते, हे पाहून मन खिन्न होते.

दुसऱ्या सरफोजीराजांची गोष्ट उलट. १७९८ साली ते गादीवर बसले आणि दुसऱ्याच वर्षी झालेल्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. तंजावरचा किल्ला आणि त्याच्या आसपासचा थोडा मुलूख एवढेच त्यांच्या हाती राहिले. आमच्या वाचकांपैकी ज्यांनी कधी अधिकारावाचूनचे पद भूषविले असेल, त्यांना या राजाची अडचण अधिक विस्ताराने सांगावयास नको. अशा वेळी माणूस एक तर गाऱ्हाणी लिहीत बसतो, नाही तर जे हाती उरले त्यात घर बांधतो.

सरफोजींनी दुसरा मार्ग पत्करला. १८०३ साली बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले घराण्याचा इतिहास त्यांनी मराठीत शिळेवर कोरविला. राजराज चोळाने उभारलेल्या देवळात मराठी बखर कोरणे हे साहसच होते. १८०५ साली त्यांनी देवनागरी छापखाना काढला आणि पुढच्याच वर्षी इसापच्या गोष्टी 'बालबोध मुक्तावली' या नावाने मराठीत छापल्या. त्यांच्या दरबारी चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू हे चार बंधू वावरले. अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंतचा जो क्रम आज भरतनाट्यम् शिकणारी मुलगी गिरवते, तो बसविण्याचे श्रेय या चौघांना दिले जाते. नृत्यासाठी खुद्द राजांनी रचलेले मराठी साहित्यही उपलब्ध आहे.

परंतु सरफोजींचे खरे कार्य सरस्वती महाल हेच होय. नायक राजांच्या काळापासूनचा ग्रंथसंग्रह त्यांनी वाढविला. काशीयात्रेस गेले तेव्हा तेथूनही हस्तलिखिते आणविली. युरोपातून छापील ग्रंथ मागविले. १८८० साली बर्नेल यांची तेथील संस्कृत हस्तलिखितांची सूची प्रसिद्ध झाली आणि १९१८ साली हा संग्रह लोकांस खुला झाला. तेथे तीन हजारांवर मराठी हस्तलिखिते आहेत. शहाजीराजांची नाटके विसाव्या शतकातील अभ्यासकांच्या हाती लागली ती याच कपाटांतून. एका राजाने लिहिले आणि शंभर वर्षांनी आलेल्या दुसऱ्याने ते जपले. म्हणून पहिल्याचे कर्तृत्व आपल्याला ठाऊक झाले. सरफोजी वजा केले तर शहाजींचीही बरीच कीर्ती वजा होते. प्रभाव मोजण्याची ही वजाबाकीची रीत आम्हांला बेरजेपेक्षा अधिक खरी वाटते.

येथेच थांबावे आणि सरफोजींच्या गळ्यात माळ घालावी, असा मोह होतो. पण तिसरा गडी अद्याप उभा आहे. मठ आणि दरबार यांच्या आश्रयाने महाराष्ट्रातील कीर्तनकार तंजावरास येत राहिले. मेरुस्वामी तंजावराहून पुढे त्रावणकोरास स्वाती तिरुनाळ महाराजांच्या दरबारी गेले. राज्य बुडाल्यानंतरही हा ओघ आटला नाही. रामचंद्रबुवा मोरगावकरांची कीर्तने तंजावरकरांनी ऐकली आणि त्या श्रोत्यांत कृष्ण भागवतर होते. आख्यान कसे लावावे, गद्यातून पद्यात केव्हा उतरावे, साकी कोठे आणि दिंडी कोठे, हे त्यांनी टिपून घेतले. मग त्या सांगाड्यात त्यांनी कर्नाटक संगीत भरले, तमिळ पदे आणली, मृदंगाची साथ घेतली आणि हरिकथेचे तमिळ रूप सिद्ध केले. १९०३ साली ते निवर्तले. पण त्यांच्यामागून आलेल्या कथेकऱ्यांनी तीच वाट धरली. ज्या काळी स्त्रीने कथेस उभे राहणे समाजास रुचत नव्हते, त्या काळी सी. सरस्वतीबाई याच कलेच्या बळावर गाजल्या.

तमिळ कथेत आजही साकी, दिंडी, ओवी, अभंग ही नावे ऐकू येतात. गाणाऱ्यास मराठी येत नसते, ऐकणाऱ्यासही येत नसते. चाल मात्र तीच असते. येथे आमच्या अभिमानास जराशी ठेच लागते. तिन्ही पुरुषांत ज्याचा प्रभाव जनतेच्या ओठांवर सर्वाधिक पसरला, त्याने आपली भाषा मध्येच उतरवून ठेवली. शहाजींनी मराठी वापरली, सरफोजींनी मराठी राखली, कृष्ण भागवतरांनी मराठी रीत तमिळांच्या स्वाधीन केली. आणि जी स्वाधीन केली तीच सर्वांत दूर गेली.

यावर कोणी म्हणेल, हा तर मराठीचा पराभव! आम्हांला तसे वाटत नाही. शिळेवरचा लेख वाचण्यास जाणकार लागतो, पोथीला सूचीकार लागतो. पण कथेला केवळ श्रोता पुरतो. तथापि नुसत्या चालीवरून मोरगावकरबुवांचा पत्ता लागत नाही, हेही तितकेच खरे. ती चाल कोठून आली हे सांगायला कपाटातील पोथी हवीच. म्हणून लोकजीवनातील प्रभावात आम्ही कृष्ण भागवतरांना अग्रमान देतो. परंतु त्या प्रभावाचे मूळ शोधण्याची सोय करून ठेवणाऱ्या सरफोजींचे ऋण त्याहून कमी मानीत नाही.

परप्रांती नेमणूक झालेल्या आपणा सर्वांना हा निवाडा अगदीच परका नसावा. आपण जेथे राहतो तेथे मराठी मंडळ काढतो, गणपती बसवितो, मुलांना बाराखडी गिरवायला लावतो आणि बदलीचा हुकूम आला की कपाटाच्या किल्ल्या दुसऱ्याच्या हाती देतो. कपाट राखणे हे कर्तव्य आहे. ते टाळू नये. पण शेजारच्या घरातील तमिळ किंवा तेलुगू मुलाने आपल्याकडची एखादी चाल गुणगुणायला आरंभ केला, तर तीही आपल्या कार्यभाराच्या नोंदीत धरावी. तंजावरच्या राज्याचा कार्यभार १८५५ सालीच गेला. दिंडीचा मात्र अजून तेथेच आहे.